एका आकड्यासाठी सगळे पुन्हा कशाला?

वावरातल्या विहिरीवरची मोटार सांभाळण्यासाठी मी एफपीजीएवर (आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणारी चिप) मायक्रोब्लेझ हा त्या चिपच्याच भागांतून घडवला जाणारा प्रोसेसर बसवून एक नियंत्रक तयार करीत आहे. आज सकाळी बाबा म्हणाले, "लाइन आल्याबरोबर मोटार चालू नको करू, जरा दम घेऊ दे तिले." बदल एवढाच होता, की प्रोग्राममधील ५ सेकंदांच्या जागी ३० सेकंद लिहायचे.

आजवर मी अशा वेळी संपूर्ण रचना पुन्हा बांधत असे. त्याला माझ्या जुन्या लॅपटॉपवर पाऊण तास लागतो आणि मध्येच वीज गेली की बॅटरी तेवढा वेळ टिकत नाही. वास्तविक तर्कजाल, म्हणजे चिपमधील सर्किटची जोडणी, बदललेलेच नसते; बदलतात ते फक्त ब्लॉक रॅममधील, म्हणजे प्रोग्राम ठेवलेल्या चिपमधील मेमरीच्या तुकड्यांमधील, सुरुवातीचे बिट. म्हणून आज व्हिवाडो या एफपीजीएची रचना बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमधील अपडेटमेम ही आज्ञा वापरली; ती नवा प्रोग्राम भरलेली नवी बिट फाइल तयार करते. तिला जुनी बिट फाइल (चिपवर चढवायची तयार रचना), नवी ईएलएफ फाइल (प्रोसेसरसाठी तयार झालेला प्रोग्राम) आणि एमएमआय फाइल द्यावी लागते. यांपैकी एमएमआय हा एक प्रकारचा सातबाराच आहे: कोणत्या पत्त्यावरचे कोणते बिट चिपवरील कोणत्या ब्लॉक रॅममध्ये आहेत, याची नोंद त्यात असते. माझी ३२ केबी मेमरी ८ ब्लॉकांत विभागलेली असून प्रत्येकात ३२ बिटांच्या शब्दाचे (प्रोसेसर एका वेळी हाताळतो त्या बिटांच्या गटाचे) फक्त ४ बिट आहेत, त्यामुळे हे काम हाताने करणे अशक्यच.

काम मिनिटभरात झाले, तरी मोटार ५ सेकंदांतच सुरू झाली. अर्धा तास डोके खाजवल्यावर कळले, की बोर्डावर मी नव्याऐवजी जुनीच बिट फाइल चढवली होती. मेमरीचा आकार किंवा पत्ते बदलले, तर मात्र पूर्ण बांधणीला पर्याय नाही.