‘बरं हाय’ला किती गुण द्यायचे?

२०१७ च्या हिवाळ्यात एका बहुपक्षीय, म्हणजे अनेक देशांच्या मालकीच्या, विकास बँकेच्या मूल्यमापन पथकाबरोबर मी मराठवाड्यात नऊ दिवस दुभाषी म्हणून फिरले. बँकेचं नाव देत नाही. करारात गोपनीयतेचं कलम होतं, आणि सही करण्याआधी मी ते चक्क वाचलं होतं.

प्रकल्प ग्रामीण पाणीपुरवठ्याचा होता. कर्जाचा शेवटचा हप्ता येऊन तीन वर्षं झाली होती. समाप्ती अहवालात बँकेच्याच अधिकाऱ्यांनी प्रकल्पाला ‘समाधानकारक’ शेरा दिलेला. तो शेरा गावात जाऊन पडताळायचा, हे बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन विभागाचं काम. जागतिक बँकेत असा विभाग १९७० मध्ये, रॉबर्ट मॅक्नमारा अध्यक्ष असताना सुरू झाला. आज तो अध्यक्षांना नाही, थेट संचालक मंडळाला उत्तर देतो. आमच्या बँकेची रचना साधारण तशीच होती. शेऱ्याच्या पायऱ्या सहा, ‘अत्यंत समाधानकारक’पासून ‘अत्यंत असमाधानकारक’पर्यंत.

निकष तेव्हा पाच होते: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने ते १९९१ मध्ये मांडले आणि २०१९ मध्ये त्यात सुसंगतीची भर घातली. कागदावर ठीक आहे. पण पहिल्या दिवशी मी एका आजींना योजनेच्या शाश्वततेबद्दल विचारलं, तर त्यांनी हातच जोडले. पथकातले निवृत्त अभियंते हळूच म्हणाले, “अहो, ‘टिकलं का’ असं विचारा.”

पहिल्या गावात मारुतीच्या देवळापुढे सभा होती. गावकरी सतरंजीवर, आम्ही खुर्च्यांवर. शाल, नारळ, फेटा असा सत्कार झाला आणि त्याच दमात मी प्रश्नावलीतला प्रश्न वाचला: “योजनेबद्दल आपण किती समाधानी आहात?” नुकताच ज्यांना फेटा बांधला त्यांना वाईट कोण सांगेल? एकजण म्हणाला, “बरं हाय की.” पथकप्रमुख बाईंनी पाचपैकी चार लिहिले. पुढच्या माणसानेही “बरं हाय” म्हटलं, पण सरपंचांकडे बघत, शेवटचा शब्द गिळत. त्यालाही चारच पडले. दुपारपर्यंत तक्त्यात चौकाच चौका!

रात्री लॉजवर मी बाईंना सांगितलं, हे चार गावाने दिलेले नाहीत, माझ्या भाषांतराने दिलेत. बोलताना पोटात गोळा आला होता, कारण दुभाष्याने मत द्यायचं नसतं. त्यांनी दोन-तीनदा ‘बरं हाय’ माझ्याकडून वेगवेगळ्या सुरांत म्हणवून घेतलं आणि तो अख्खा रकाना खोडला. मग बारापर्यंत बसून आम्ही नवे प्रश्न लिहिले. काल पाणी किती वाजता आलं? किती घागरी भरल्या? पाणीपट्टीची शेवटची पावती दाखवता का? मोटर जळली तेव्हा पैसे कोणी घातले?

दुसऱ्या गावात एका मावशींनी पत्र्याच्या पेटीतून पावती काढून आणली. ती दोन वर्षांपूर्वीची होती. नंतर पाणी सोडणाऱ्या भाऊंनी आपली वही दिली. शाळकरी पोरांची शंभर पानी, कोपरे मुडपलेली. रोज किती वाजता पाणी सोडलं, किती वाजता बंद केलं. मध्येच ‘डीपी जळाला’, ‘मोटर वर काढली’, ‘बिल थकलं, लाईट तोडली’. त्या शेवटच्या नोंदीनंतर सात आठवडे नुसत्या तारखा, पुढे रेघ. ज्या दिवशी पाणी नाही, त्या दिवशीही माणूस तारीख घालत होता. प्रकल्पाच्या संगणकात मात्र हे गाव ‘कार्यान्वित’ होतं. तेही खोटं म्हणता येत नाही. योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली त्या दिवशी नळाला पाणी होतंच.

निघताना मावशी म्हणाल्या, “ताई, मग मोटर कधी देताय?” आम्ही काही द्यायला आलो नाही, हे सांगावं लागलं. “मग कशाला आलात?” हेही मी शब्दशः भाषांतरित केलं. बाई गप्प झाल्या. तक्रार करायची वाट वेगळी असते. जागतिक बँकेत त्यासाठी १९९३ पासून तपासणी मंडळ आहे. त्यामागे सरदार सरोवराचा वाद होता. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि पुढच्याच वर्षी भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्या धरणात बुडालेलं मणिबेली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातलं गाव, पण हा इतिहास मला कळला तो जीपमध्ये, एका परदेशी बाईंकडून.

पुढचं सगळं कागदी काम. मसुदा प्रकल्प विभागाकडे गेला, सरकारकडे गेला. विभागाने हरकत घेतली की हस्तलिखित वही हा पडताळलेला पुरावा नव्हे. बाईंनी वहीच्या पानांचे फोटो माझ्या भाषांतरासह परिशिष्टात घातले, शिवाय वीजबिलांच्या तारखा शेजारी लावून दाखवल्या. शेरा एक पायरी उतरला: ‘माफक प्रमाणात समाधानकारक’. नऊ दिवस, चौदा गावं आणि एक पायरी! मला तेव्हा हे फारच कमी वाटलं. अभियंते म्हणाले, पायरीपेक्षा ‘शिकलेले धडे’ हा भाग बघा, पुढच्या कर्जाच्या कागदात तोच उतरतो. तिथे गावच्या वीजबिलासाठी आणि दुरुस्तीसाठी वेगळी तजवीज हवी असं एक वाक्य होतं.

देणगीदार देशांचं मोपान नावाचं जाळं २००२ पासून प्रकल्प नव्हे, तर अख्ख्या संस्थाच तपासतं. असल्या धड्यांचं संस्था पुढे काय करते, हेही त्यात पाहिलं जातं.

गेल्या वर्षी दुसऱ्याच एका संस्थेची प्रश्नावली माझ्याकडे भाषांतराला आली. पहिलाच प्रश्न: “एकंदरीत आपण किती समाधानी आहात?” मी समासात ‘बरं हाय’बद्दल तीन ओळींची टीप लिहून पाठवली. उत्तर आलं: “कृपया फक्त भाषांतर करावे.”