टोल, बोगदा आणि भरतीवाला पोरगा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या आमच्या पोर्ट्समथमधून समोर नॉरफोक स्वच्छ दिसतं. मध्ये फक्त एलिझाबेथ नदी. आरमाराची धिप्पाड जहाजं हिच्यातून ये-जा करतात, म्हणून गाड्या नदीखालून जातात. डाउनटाउन बोगद्याच्या वरच्या अंगाला नौदलाची भलीमोठी गोदी आहे, १७६७ पासूनची. युद्धात कुणी पूल पाडला आणि तो आडवा पडला तर जहाजं आतच अडकतील, ही धास्ती या भागात नौदलाला कायम. त्यामुळे व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यात पूलसुद्धा मध्येच पाण्याखाली बुडी मारतात. १९५७ साली हॅम्प्टनकडे जाणारा रस्ता झाला तो असाच: थोडा पूल, मग एक कृत्रिम बेट, मग बोगदा, मग पुन्हा बेट, पुन्हा पूल.

गोदीचं नाव नॉरफोकचं, पण ती आहे आमच्या पोर्ट्समथमध्ये. कारण पोर्ट्समथ नावाची गोदी नौदलाकडे आधीच एक आहे, आणि ती मेन राज्यातल्या किटरी गावात आहे. लष्करी कारभार सगळीकडे सारखाच, असं माझे वडील म्हणतात. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेव्हा त्यांना बोलायचा हक्क आहे.

आता टोल. डाउनटाउन बोगदा १९५२ सालचा, तो झाला टोलच्याच पैशांवर. दहा वर्षांनी मिडटाउन बोगदा आला, तोही तसाच. १९८६ मध्ये टोल उठला आणि लोक नदी विसरून इकडून तिकडे जाऊ लागले. नोकरी पलीकडे, डॉक्टर पलीकडे, मुलीचं सासर पलीकडे. मग मिडटाउनला दुसरी नळी, म्हणजे शेजारी आणखी एक बोगदा, हवी झाली. सरकारने २०११ मध्ये खासगी कंपनीशी अठ्ठावन्न वर्षांचा करार केला आणि १ फेब्रुवारी २०१४ ला टोल परत आला. नवी नळी खुली झाली २०१६ मध्ये. म्हणजे दोन वर्षं लोकांनी जुन्याच बोगद्यातून जाण्याचे पैसे मोजले. टोल परत येण्याआधी प्रकरण कोर्टातही गेलं होतं. २०१३ मध्ये पोर्ट्समथच्या न्यायालयाने टोल बेकायदा ठरवला आणि त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आनंद जेमतेम सहा महिने टिकला.

आमच्या साताऱ्याच्या माणसाला टोल म्हटलं की आणेवाडीचा नाका आठवतो. रांग, हुज्जत, ‘लोकल आहे’ म्हणून दाखवलेलं आधारकार्ड, काचेवर टकटक करणारा शेंगावाला. इथे यातलं काही नाही. नाकाच नाही! कॅमेरा नंबरपाटीचा फोटो काढतो आणि बिल घरी येतं. भांडायला समोर माणूसच नसेल तर टोल दिल्यासारखा वाटत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

बोगद्याचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. नवी नळी इथे खणलेलीच नाही. काँक्रीटचे अकरा अजस्र ठोकळे बाल्टिमोरला ओतले, दोन्ही तोंडं बंद करून चेसापीकच्या उपसागरातून तरंगत ओढत आणले आणि नदीच्या तळाशी आखलेल्या चरात एकेक करून बुडवले. खंबाटकीच्या बोगद्यात आपण डोंगराच्या पोटातून जातो, ते समजतं. इथे डोक्यावरून एखादी विनाशिका जात असते आणि आपण खाली रेडिओची खरखर ऐकत ब्रेकवर पाय ठेवून असतो.

नौदलाचा हा शेजार एक दिवस फोनवरून घरात आला. मुलगा अकरावीला. इथल्या कायद्याप्रमाणे शाळेला विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर भरती करणाऱ्यांना द्यावे लागतात. नको असेल तर पालकांनी तसं लेखी कळवायचं. मी कुठलं कळवते? शाळेकडून आलेल्या कागदांचा गठ्ठा फ्रिजवर पडून होता. मुलगा सतरा वर्षांचा, म्हणून पालकांची सही हवी, म्हणून नौदलाचा भरतीवाला फोनवर म्हणाला, ‘मॅम, मीच घरी येतो’.

आला तो पंचविशीचा, कडक इस्त्रीचा, टेक्ससचा पोरगा. चहा दिला तर आधी नको म्हणाला, मग दोन कप प्यायला. मी विचारलं, ‘नॉरफोकहून आलास ना, टोल कोण भरतं?’ म्हणाला, ‘सरकारी गाडी आहे, मॅम.’ म्हणजे आम्हीच.

मी मुलीचा बाप स्थळ पारखतो तशी बसले होते. चार वर्षांचा करार म्हणतोस, पण एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते ना? हो, मॅम, उरलेली राखीव दलात. कॉलेजची फी मिळते ती कधी? नोकरी झाल्यावर, मॅम. याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही, मग अणुपाणबुडीचं जे चित्र दाखवतोयस ते कशाला? इथे तो पहिल्यांदा हसला आणि ते पान त्याने उलटलं. त्यानंतर मला तो आवडायला लागला. थापा मारत नव्हता. उलट जाताना म्हणाला, ‘मी तोंडाने काहीही सांगितलं तरी करारात लिहिलेलं तेवढंच खरं.’

मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते या उलट्या चालीचं. आमच्याकडे साताऱ्यात अजूनही पोरं पहाटे अंधारात रस्त्याला पळताना दिसतात. सोळाशे मीटर, घड्याळ लावून. भरतीला मैदानावर हजारो जमतात, उंची, छाती, धाव, आणि एवढं करून अग्निवीर म्हणून चार वर्षं. पुढे कायम होणार त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के. जवळच अपशिंगे आहे, लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची शेहेचाळीस माणसं गेली. तिथे सैन्य कुणाच्या दारात येत नाही. इथे १९७३ पासून सक्तीची भरती नाही. २०२३ साली तर नौदलाला ठरलेला आकडाही गाठता आला नाही. म्हणून सैन्य नदीखालून दारात येतं, चहा पितं आणि दुसऱ्या दिवशी मेसेज करतं: हाय, काही ठरलं का?

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, ‘पळवलं किती?’

‘अजून काहीच नाही, आप्पा. आधी एक लेखी परीक्षा आहे.’

‘पळवलं न्हाई? मग ती कसली भरती!’ जरा थांबून म्हणाले, ‘आरमार हाय न्हवं? पोराला पवता येतंय का?’

हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. त्याला हातपाय मारता येतात, पण तिथे उंचावरून खोल पाण्यात उडी टाकायची, पन्नास यार्ड पोहायचं आणि पाच मिनिटं तरंगायचं असतं. सध्या चिरंजीव आठवड्यातून तीनदा तलावावर जातात. कराराचा कागद बिनसहीचा पडून आहे. त्या टेक्ससच्या पोराचे मेसेज येत असतात आणि मुलगा त्याला सांगतो, आधी आजोबांची परीक्षा पास होऊ दे.