वाशी ते ऐरोली बोटीने जाताय? आधी चिखलाचा हिशेब करा

"भरती आहे, कधीही निघा." बोटवाल्याच्या या बोलण्यावर विसंबू नका. भरलेली ठाणे खाडी पुलावरून समुद्रासारखी रुंद दिसते, पण बोट चालण्याजोगं पाणी मधल्या अरुंद पट्ट्यातच असतं. बाकी सगळा गाळ. समोर फ्लेमिंगो उभे दिसले की बोट वळवा, तिथे पाणी त्यांच्या पायांपुरतंच आहे.

पुलांजवळचा भाग सोपा. घोटाळा मधल्या टप्प्यात.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पण पाणी किती चढणार ते कळत नाही, आणि अष्टमीला तर भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. म्हणून मुंबईच्या अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. खाडीत आत भरती त्याहून उशिरा लागते. सागरी नकाशावरचा अधोरेखित आकडा म्हणजे ओहोटीला तेवढा उघडा पडणारा गाळ. समजा आकडा १.५ मीटर आणि त्या वेळची भरती २.६, तर पाणी १.१ मीटर. बोट ०.७ बुडत असेल तर खाली उरले ४० सेंटिमीटर. चालणार नाही. पंखा गाळ ढवळतो, तोच गाळ थंडाव्याच्या पाण्याबरोबर इंजिनात जातो. इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की इंजिन लगेच बंद करा, नाहीतर तापून बसेल.

मागच्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक पावसाळ्यानंतर बाद समजा, गाळ सरकतो. टायटॅनिकनंतर, १९१४ पासून, उत्तर अटलांटिकमधल्या हिमनगांवर पहारा आहे. इथल्या गाळावर आपणच नजर ठेवायची.

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी निघा. चढत्या पाण्यात रुतलात तर नांगर टाकून थांबा, बोट आपोआप उचलली जाते. उतरत्या पाण्यात पहिल्या मिनिटालाच, आलात त्याच वाटेने मागे घ्या. माणसं रुतलेल्या टोकाकडून दुसरीकडे हलवा. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं, उधाणाला दोन तासांत दोनेक मीटर. ढकलायला चिखलात उतरू नका, मांडीपर्यंत जाल.

भाडं तासावर अजिबात ठरवू नका, फेरीवर ठरवा. गाळात बसून काढलेल्या वेळेचेही पैसे आमच्याकडून घेतले, वर "खाडी आहे साहेब" हे ऐकवलं. उन्हाची टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत सावली नाही.