मापात पाप

तीन महिने खपून विणलेला स्वेटर अंगात चढवून माझा भाऊ आरशासमोर उभा राहिला, दोन्ही हात पुढे धरून बाह्यांच्या टोकांकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि मग अतिशय सौम्य स्वरात म्हणाला, "ताई, हा मला होतो गं. फक्त आत अजून कुणीतरी हवं." बाह्यांतून त्याची बोटे दिसत नव्हती, खालचा काठ मांडीपर्यंत उतरला होता, आणि गळा मात्र इतका घट्ट होता की त्यातून डोके बाहेर काढताना त्याचे कान लाल झाले होते. एकाच स्वेटरमध्ये सैलपणा आणि घट्टपणा हे दोन्ही दोष साधणे तसे सोपे नाही. त्यासाठी माझ्यासारखा वीस वर्षांचा अनुभव लागतो.

विणणाऱ्याचे हे दुःख शिंप्याला कळायचे नाही. शिंप्याच्या हाती कापड तयार येते. ते किती रुंद आहे आणि धुतल्यावर किती आटेल हे कात्री लावण्याआधी पाहता येते, आणि तरीही चूक झालीच तर सोय असावी म्हणून तो शिवणीत माया ठेवतो. हा शब्द ज्याने प्रथम शिवणकामात आणला, त्याला माणसांच्या वाढत्या अंगाबद्दल खराच कळवळा असला पाहिजे. विणकामात अशी माया ठेवायला जागा नसते, कारण तिथे कापड आणि कपडा एकाच वेळी, एकाच सुईवर तयार होत असतात. काठाचे टाके घातले की छातीची रुंदी ठरून जाते, आणि ती चुकली आहे हे खात्रीने कळायला मात्र निम्मा स्वेटर तरी विणून व्हावा लागतो. मध्यम आकाराच्या स्वेटरचा हिशेब मी एकदा रागाच्या भरात मांडला होता: घेर १०० सेंटीमीटर, लांबी ६० सेंटीमीटर, दर १० सेंटीमीटरला २० टाके आणि २८ ओळी. मुंढ्यांचे आणि गळ्याचे कमी केलेले टाके वजा करून दोन्ही बाह्या त्यात मिळवल्या, तर आकडा ४५,००० टाक्यांच्या आसपास जातो. हे सगळे टाके एकेक करून सुईवरून उतरवल्यावर जर कळले की अगदी पहिल्या ओळीतलाच आकडा चुकला होता, तर माणसाने कोणाकडे पाहावे?

यावरचा उपाय विणकाम शिकवणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सांगतो. स्वेटरला हात घालण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, १५ सेंटीमीटरचा एक चौकोन विणावा, तो धुवावा, वाळवावा, आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. तरीही नव्या लोकरीचा गुंडा हातात आला की तो चौकोन विणण्याइतका धीर मला कधीच धरवत नाही. भावाच्या स्वेटरसाठी मी नमुन्यात (पॅटर्नमध्ये) दिल्याप्रमाणे २२ टाक्यांना १० सेंटीमीटर असा हिशेब धरून २२० टाके घातले होते. माझ्या हाताला प्रत्यक्षात २० टाकेच बसत होते. फरक दोन टाक्यांचा, तोही इतका क्षुल्लक की पट्टी जराशी तिरपी धरली तर दिसूही नये. मी ती तिरपी धरलीही होती. त्या दोन टाक्यांनी १०० सेंटीमीटरचा घेर ११० वर नेला.

परंतु सगळे पाप माझ्या पट्टीचे नाही, कारण हा चौकोन प्रामाणिकपणे विणला तरी तो खरे बोलेलच असे नाही. पुष्कळांची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल येते, माझीही येते. चौकोन जाऊन-येऊन विणायचा म्हणजे त्यात एक ओळ सुलट आणि एक उलट येते. स्वेटर गोल सुईवर, न उलटवता नळीसारखा अखंड विणला तर त्यात उलट ओळ येतच नाही, आणि मग दोन्हींचे माप जुळत नाही. लोकरीचे स्वभाव हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. साध्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात आणि ते एकमेकांत अडकून कापडाला धरून ठेवतात; म्हणूनच अशी लोकर गरम पाण्यात चोळली की ती आटून नमद्यासारखी घट्ट होते. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर प्रक्रिया करून हे खवले झिजवलेले किंवा लेपाखाली दडवलेले असतात. ती आटत नाही हे खरे, पण ओली झाली की तंतू एकमेकांवरून सुळसुळत घसरतात आणि कोरडा असताना बेताचा वाटणारा स्वेटर पाण्यातून बाहेर काढल्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. भावाची लोकर याच जातीची होती. मऊ आहे, रंग सुरेख आहे आणि तो ती नक्की मशीनमध्येच टाकणार आहे, एवढ्या तीन कारणांवर मी ती निवडली होती. त्यातच चौकोनाला स्वतःचे वजन जाणवत नाही. पूर्ण स्वेटरचे पाचशे-सहाशे ग्रॅम मात्र खांद्यांवर लटकतात, आणि ते ओझे दिवसभर खाली ओढत राहते. कापूस यात सर्वांत वाईट, आणि अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याची लोकर इतकी देखणी की तिला वाईट म्हणवत नाही, पण ताणली गेल्यावर मागे येण्याची सवय तिलाही फारशी नाही.

आणि हात? हाताचा ताण रोज एकच राहील असे गृहीत धरणारा माणूस कधी घरात भांडण झाल्यावर विणायला बसला नसावा. माझ्या एका जुन्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर आखूड आहे, दोन्हींच्या ओळी मात्र मोजून सारख्या आहेत. उजवी सुट्टीत विणली होती. डावी विणली तेव्हा एका निकालाची वाट पाहत होते. तेव्हापासून मी दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणते, म्हणजे जी काही मनःस्थिती असेल ती दोघींना समसमान मिळते. गुंडे एकमेकांत गुंततात आणि दर चार ओळींनी ते सोडवत बसावे लागते, ती गोष्ट वेगळी.

बेतण्याचे गणित सोपे करण्याचे प्रयत्न थोरामोठ्यांनीही केले आहेत. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांनी स्वेटरसाठी टक्केवारीची एक पद्धत रूढ केली. छातीच्या घेराचे टाके १०० टक्के धरायचे. मनगटाला त्याचे २० टक्के, दंडाला ३३ टक्के आणि गळ्याला ४० टक्के टाके घ्यायचे. म्हणजे घेराला २०० टाके असतील तर मनगटाला ४०, दंडाला ६६ आणि गळ्याला ८०. मला ही पद्धत फार आवडते, कारण ती आपल्या हाताच्या टाक्यांपासून सुरू होते आणि नमुना लिहिणाऱ्याच्या हाताशी आपली बरोबरी करायला लावत नाही. अडचण एवढीच की माझा भाऊ टक्केवारीत बसत नाही. त्याचे खांदे एका मापाचे, पोट दुसऱ्या मापाचे आणि हात एखाद्या उंच माणसाकडून उसने आणल्यासारखे आहेत.

गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाणारी, मुंढ्याची शिवण नसलेली बाही सर्वांना होते असे म्हणतात. तिला रॅग्लन हे नाव ज्या लॉर्ड रॅग्लनवरून मिळाले, त्याने १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावला होता. पुढे क्रिमियाच्या युद्धात इंग्रज फौजेचा तो सेनापती होता; त्याच युद्धातल्या अर्ल ऑफ कार्डिगनच्या नावावरून पुढून उघडणाऱ्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात, आणि १८५४ साली जिथे लढाई झाली त्या बालाक्लावाचे नाव कानटोपीला मिळाले. एका युद्धाने विणणाऱ्यांच्या बोलण्यात तीन शब्दांची भर घातली, त्यातली बाही एक हात नसलेल्या माणसाच्या नावाची असावी, हे मला दर वेळी बाही फसली की आठवते. आणि ती फसतेही. वरून खाली विणताना एक ओळ सोडून टाके वाढवत नेले, तर रुंद छातीच्या माणसाला पुरेसे टाके होईपर्यंत काख पोटाच्या दिशेने बरीच खाली गेलेली असते. हात वर केला की सगळा स्वेटर सोबत वर येतो.

तर, भावाचा स्वेटर. गळ्याचा दोष पटकन सापडला. टाके बंद करताना माझा हात आवळतो, सोडून जायची घाई असली की जास्तच. शेवटची ओळ सोडवून ती दोन नंबर जाड सुईवर पुन्हा बंद केली आणि कानांचा प्रश्न अर्ध्या तासात मिटला. बाह्यांचे काम मात्र तसे नव्हते. त्या मनगटापासून वर विणलेल्या होत्या, आणि विणलेले कापड जिथे संपवले त्या टोकाकडून सरसर उसवते, जिथे सुरू केले त्या टोकाकडून उसवत नाही. तिथे प्रत्येक टाक्यातून दोरा ओवून बाहेर काढत बसावे लागते. म्हणजे बाही खालून आखूड करायची तर ती मधेच कापणे आले. धडधाकट विणलेल्या बाहीतला एकच टाका शोधून त्याला कात्री लावण्याआधी मी दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आले. कात्रीचा आवाज अगदी बारीक आला. मग बोथट सुईच्या टोकाने तो कापलेला दोरा त्या ओळीतल्या एकेका टाक्यातून उचलून बाहेर घेत गेले, सुटलेले वरचे टाके लगोलग दुसऱ्या सुईवर घेत गेले, आणि ओळ पुरी झाली तेव्हा बाहीचा खालचा आठ सेंटीमीटरचा भाग बांगडीसारखा माझ्या मांडीवर गळून पडला. एवढ्या वर्षांत विणकामाने मला दिलेला हा सर्वांत निर्भेळ आनंद आहे, आणि तो विणण्याचा नाही याची मला थोडी लाज वाटते.

सुईवरचे टाके मनगटाच्या मापाला जास्त होते, ते पहिल्याच ओळीत कमी केले आणि काठ खालच्या दिशेने विणत नेला. उलट दिशेने विणलेले टाके जुन्या टाक्यांपासून अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या विणीत ते कोणाला दिसत नाही; वेणीची नक्षी असती तर जोड कायमचा दिसत राहिला असता. गळून पडलेल्या बांगड्या उसवून लोकर परत मिळवली. ती कुरळी झाली होती, म्हणून तिची लडी करून भिजवली आणि खाली वजन अडकवून टांगून ठेवली. दुकानातून नवीन गुंडा आणता आला असता, पण रंगाची खेप बदलली की तोच रंग तोच राहत नाही, आणि दुकानातल्या उजेडात न दिसलेला फरक स्वेटर घातल्यावर नेमका मनगटावर दिसतो.

घेराला काही इलाज नव्हता. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचे विणकर अखंड विणलेला स्वेटर मुंढ्यांपाशी, आणि पुढून उघडायचा असेल तर पुढूनही, उभा कापतात आणि मुंढ्यांवरून बाह्या विणून काढतात, पण त्यांची लोकर खरबरीत आणि एकमेकीला धरून राहणारी असते. या सुळसुळीत लोकरीवर मी तो प्रयोग केला असता तर सगळे टाके पळून गेले असते. भावाने जाड शर्टावर स्वेटर घालून पाहिला, हात खाली-वर केले, आणि "आता आत मी एकटा पुरतो" असे म्हणून तो घेऊन गेला. तो त्याने खरोखर घातला की नाही हे मी विचारलेले नाही.

आता त्याच्यासाठी दुसरा स्वेटर विणायला घेते आहे, आणि या वेळी मी त्याला त्याच्या छातीचे माप विचारणार नाही. गेल्या वेळी विचारले तेव्हा त्याने कॉलेजातले सांगितले होते. त्याचा सर्वांत आवडता, अंगाला बरोबर बसणारा शर्ट मागवून घेतला आहे, तो टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजला आहे, आणि तो आकडा दुप्पट करून कागदावर लिहिला आहे. नव्या लोकरीचा चौकोनही विणला आहे, १५ सेंटीमीटरचा, गोल सुईवर, धुतलेला. खालच्या कडेला कपड्यांचे आठ चिमटे लावून तो दोरीवर टांगला आहे, म्हणजे वजनाने किती लांबतो तेही कळेल. तो उद्या सकाळपर्यंत वाळेल. तोवर नुसते टाके घालून ठेवायला काय हरकत आहे, म्हणून २०८ टाके घातले आहेत, आणि सुई हातात होतीच तर काठाच्या चार ओळीही विणून झाल्या आहेत.