दिवे लावूनच मोजमाप : जुन्या मोटारीच्या वायरिंगचा माझा अनुभव

१९५० च्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची माझी मोटार चालत होती खरी, पण तिचे हेडलाइट मिणमिणते होते, स्टार्टर कधी जोमाने तर कधी कण्हत फिरे आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरलेली असे. वेग वाढवला की चार्जिंगचा लाल दिवा विझण्याऐवजी अधिकच उजळे. अशा वेळी बहुतेकांचा सल्ला एकच असतो : सगळे वायरिंग उपटून नवे घालावे. मला तो सल्ला घाईचा वाटला, कारण दोष कुठे आहे हे ठाऊक नसताना नव्या तारा जुन्याच गंजलेल्या टोकांना जोडल्या, तर दोष जागच्या जागी राहतो.

सुरुवात केली ती वायरिंगच्या नकाशापासून. त्या काळच्या ब्रिटिश मोटारींमध्ये तारांच्या रंगांना ठरलेला अर्थ असतो. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा प्रवाह, पांढरी इग्निशन स्विचमधून येणारी, हिरवी त्याच प्रवाहाची फ्यूजनंतरची, जांभळी फ्यूजमधून सतत चालू राहणारी, निळी हेडलाइटची, लाल बारीक दिव्यांची आणि काळी अर्थची (अर्थिंगची), म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेची. तारेवरच्या सुती वेष्टनाचे रंग मात्र धूळ आणि तेलाने एकसारखे मातकट झालेले असतात, म्हणून टोकाजवळचा भाग ओल्या कापडाने पुसून रंग पाहावा लागतो. माझ्या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे. त्यामुळे मीटरची लाल तार बॉडीला आणि काळी तपासायच्या जागी लावायची, ही सवय हाताला लागायला थोडा वेळ गेला.

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घेतली आणि काही तास तशीच ठेवून मोजली. १२.६ व्होल्टच्या आसपास वाचन आले, म्हणजे बॅटरी निर्दोष असण्याची शक्यता मोठी होती. स्टार्टर फिरवताना हाच आकडा दहाच्या खाली घसरला नाही, तेव्हा बॅटरीवरचा संशय संपला.

खरे काम यापुढचे. मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे विद्युत विरोध (रेझिस्टन्स) मोजण्याच्या खुणेवर ठेवून तारेचे एक टोक ते दुसरे टोक असे तपासले, तर माझी जवळजवळ प्रत्येक तार उत्तम ठरत होती. ही तपासणी फसवी असते, कारण मीटर मोजण्यासाठी अगदी नगण्य प्रवाह सोडतो आणि तेवढा प्रवाह दहा धागे तुटून एकच धागा शिल्लक असलेल्या तारेतूनही निर्वेध जातो. तीच तार हेडलाइटचे सहा-सात अँपिअर वाहू लागली की तिची लायकी कळते. म्हणून दिवे लावून, प्रवाह वाहत असताना, प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा, ही एकच रीत मी पुढे सर्वत्र वापरली. जिथे फरक जास्त, तिथे विरोध. आणि जिथे विरोध, तिथे वाया जाणारी उष्णता.

हेडलाइट लावल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.२ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर १०.१. मधले २.१ व्होल्ट कुठे गेले, याचा हिशेब टप्प्याटप्प्याने लागला : बॅटरीच्या केबलमध्ये ०.१, डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये ०.७, पायाच्या डिपर स्विचमध्ये ०.२, तारांमध्ये ०.३ आणि परतीच्या वाटेवर, म्हणजे दिव्याच्या अर्थमध्ये, तब्बल ०.८. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की साध्या बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. माझ्या बाबतीत घट सतरा टक्क्यांची होती, म्हणजे प्रकाश जवळजवळ निम्मा. परतीची वाट आपण तपासतच नाही, कारण ती तार नसून गाडीचा पत्रा असतो. आणि सत्तर वर्षांच्या पत्र्यावर रंगाचे थर व गंज हे दोन्ही असतात. दिव्यांच्या अर्थचे स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, शिवाय प्रत्येक दिव्यापासून चेसिसपर्यंत स्वतंत्र काळी तार ओढली. स्विच उघडून त्याचे तांब्याचे संपर्क साफ केले.

स्टार्टरचेही हेच झाले होते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी हीच त्याची अर्थ. ती पट्टी खराब असली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या लोखंडी केबलमधून वाट काढतो. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक तार काढून, म्हणजे इंजिन सुरू होऊ न देता, स्टार्टर फिरवला तेव्हा चोकची केबल हाताला कोमट लागली आणि इंजिनचा ब्लॉक ते बॅटरीचे अर्थ टोक यांमध्ये एक व्होल्टहून अधिक फरक दिसला. नवी पट्टी घातल्यावर तो ०.१ वर आला.

लाल दिव्याचे कोडे सोडवायला डायनॅमोपासून, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून सुरुवात केली. त्याच्या डी (वीज बाहेर देणारे) आणि एफ (फील्ड कॉइलचे) या दोन्ही टोकांवरच्या तारा काढल्या, ती टोके एकमेकांना जोडली आणि तिथून बॉडीपर्यंत मीटर लावून इंजिनचा वेग सावकाश वाढवला. व्होल्टेज न अडखळता चढत जायला हवे, मात्र वीस व्होल्टपर्यंत जाऊ द्यायचे नाही. आकडा एखाद्या व्होल्टवरच थांबला तर फील्ड कॉइलवर, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या स्थिर गुंडाळीवर संशय घ्यावा, नेहमीच्या व्होल्टेजच्या निम्म्यावर अडकला तर आर्मेचरवर, म्हणजे फिरणाऱ्या गुंडाळीवर, आणि काहीच दिसले नाही तर आधी कार्बन ब्रश पाहावेत. माझा आकडा झरझर चढला, म्हणजे डायनॅमो ठणठणीत होता. दोष कंट्रोल बॉक्समध्ये होता. तिथला कटआउट हा आपोआप चालणारा स्विच तेराएक व्होल्टला मिटून डायनॅमोला बॅटरीशी जोडतो, पण त्याच्या गुंडाळीची परतीची वाट असलेले ई टोकच हिरवट गंजाने बॉडीपासून तुटलेले होते. कटआउट मिटत नव्हता, व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर आवर घालत नव्हता, आणि वेगासोबत डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीच्या वर चढत गेल्याने दिवा उलट्या दिशेने पेटत होता. ते टोक साफ केल्यावर कटआउटचा बारीक टक् आवाज आला आणि दिवा विझला. रेग्युलेटरच्या स्क्रूंना मी हात लावला नाही. ते फिरवण्याचा मोह अनेकांना होतो आणि बहुधा तिथेच चांगली यंत्रणा बिघडते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याचा शोध सावधगिरीने घेतला. बॅटरीचे अर्थ टोक सोडून मध्ये २१ वॉटचा बल्ब जोडला. कुठे थेट शॉर्ट असता तर तो पूर्ण उजळला असता आणि प्रवाहालाही मर्यादा राहिली असती. तो अंधाराच राहिला, म्हणून त्याच्या जागी मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर आणला. ६० मिलिअँपिअर दिसत होते. जांभळ्या तारेचा फ्यूज काढताच आकडा शून्य झाला. आतल्या दिव्याचा दाराच्या चौकटीतला स्विच ओलीने गंजला होता आणि दिवा दिसेल इतका नाही, पण बॅटरी रिकामी करील इतका प्रवाह त्यातून झिरपत होता. दिवसाला दीड अँपिअर-अवर, म्हणजे दोन आठवड्यांत वीसच्या आसपास.

इग्निशनकडे फारसे पाहावे लागले नाही. पॉइंटमधले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मर्यादेत बसवले, इग्निशन कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा विरोध तीन ओहमच्या आसपास असल्याची खात्री केली, इतकेच.

वायरिंग शेवटी सगळे बदलले नाही. रेडिएटरजवळचा पुढचा भाग मात्र बदलला, कारण तिथे बाहेरचे सुती वेष्टन शाबूत असूनही आतले रबर वाकवताच भुग्यासारखे गळत होते. हा दोष मीटरने कळत नाही, बोटांनीच कळतो. त्याच ओघात हेडलाइटला फ्यूज दिले, जे मूळ गाडीत नव्हतेच. जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असले तरी तो वितळण्याचा आकडा असतो. सतत वाहण्याची क्षमता सुमारे निम्मी असते, त्यामुळे नव्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज त्या जागी बसवू नये. काम संपल्यावर हेडलाइट लावून पुन्हा सारे टप्पे मोजले, तेव्हा बॅटरी ते बल्ब आणि परत या संपूर्ण वाटेवरची एकूण घट ०.५ व्होल्ट होती. ते सगळे आकडे मी वायरिंगच्या नकाशावरच, प्रत्येक जोडाशेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.