फ्युचरामा कुठली?

शुक्रवार, रात्री

आज कामावरून आल्यावर जेवणसुद्धा उभ्याउभ्याच उरकलं आणि कागद काढून बसले. गेले काही महिने ही फ्युचरामा गिटार माझ्या डोक्यातून जात नाही. आज निदान सुरुवातीची गोष्ट सलग लिहून काढते.

१९५१ साली ब्रिटनने अमेरिकेतून येणाऱ्या वाद्यांवर बंदी घातली. युद्धाने देश पोखरला होता, तिजोरीत डॉलर नव्हते आणि जे होते ते गिटारींवर उधळायची सरकारची तयारी नव्हती. बंदी उठली ती १९५९मध्ये. रॉक अँड रोलचं वारं नेमकं याच आठ वर्षांत आलं. मार्च १९५८मध्ये अमेरिकन गायक बडी हॉली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन ब्रिटनचा दौरा करून गेला. टीव्हीवर त्याला बघून इथल्या पोरांची झोप उडाली, पण तशी गिटार दुकानात मागायला जावं तर मिळणार कुठून! १९५९मध्ये गायक क्लिफ रिचर्डने आपला गिटारवादक हँक मार्विनसाठी थेट अमेरिकेतून स्ट्रॅटोकास्टर मागवली, तेव्हा ती बघायला वादक लांबलांबून येत. आपल्याकडच्या परमिट राजची आठवण असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही पोकळी ओळखली लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरच्या, वाद्यं विकणाऱ्या सेल्मर कंपनीने. अमेरिकेची दारं बंद होती, युरोपची उघडी होती. पश्चिम जर्मनीतून त्यांनी हॉफनर गिटार आणली. आणि पोलादी पडद्याआडच्या चेकोस्लोव्हाकियातून आणली तीन पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग), सूर थरथरवणाऱ्या ट्रेमोलो दांडीची, दोन शिंगांच्या अंगाची एक गिटार. लांबून बघणाऱ्याला ती स्ट्रॅटोकास्टरच वाटावी. तिच्या माथ्यावर नाव घातलं फ्युचरामा.

शनिवार

आज प्रत्यक्ष पाहिली! इथे बर्मिंगहॅममध्ये वाद्यं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे एक खोलून ठेवलेली आहे हे ऐकून होते. सकाळीच गेले. त्यांनी बाकावरचा दिवा जवळ ओढला आणि म्हणाले, हात लाव, काही होत नाही तिला.

तांबूस रंग कोपर टेकतो तिथे पार उडालाय, खालचं लाकूड दिसतं. तारा पट्टीपासून इतक्या वर आहेत की बाराव्या पडद्यावर दाबताना बोटाला चांगलीच कळ लागली. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची तक्रारही हीच होती: वाजवायला महाकठीण. पण त्याच दमात तो तिच्या आवाजाचं कौतुक करायचा, आणि पिकअप बदलण्याच्या सोयीचंही.

ती सोय आज नीट समजून घेतली. तीन पिकअपना तीन वेगळी बटणं. हवं ते चालू, हवं ते बंद. एकेक, दोन-दोन किंवा तिन्ही मिळून सात प्रकारचे आवाज निघतात. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरला तीन जागांचा एकच खटका होता, एका वेळी एकच पिकअप. दोन पिकअपचा मिश्र आवाज हवा असेल तर वादक तो खटका मधल्यामध्ये अडकवून ठेवत. फेंडरने पाच जागांचा खटका बसवला तो थेट १९७७मध्ये, आणि त्यातही सातही मेळ मिळत नव्हतेच. म्हणजे ज्या गिटारीला सगळे 'स्वस्तातली नक्कल' म्हणून मोडीत काढतात, तिने ही एक गोष्ट मूळ गिटारीच्या वीस वर्षं आधी साधली होती. आजोबांनी पहिलं आणि तिसरं बटण दाबून एक सूर काढला. पोकळ, किंचित नाकातला, फार गोड. तो अजून कानात आहे.

स्वस्त तरी कसं म्हणायचं? हॅरिसनने ती घेतली तेव्हा तिची किंमत पन्नास पौंडांच्या वर होती. लिव्हरपूलमधलं हेसीचं दुकान, नोव्हेंबर १९५९, पोरगा सोळा वर्षांचा, गिटार हप्त्याने. बीटल्सचं या दुकानात जे काही देणं थकलं होतं ते पुढे त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइनने चुकतं केलं. १९६०मध्ये हॅम्बुर्गच्या जत्रेच्या मैदानात छायाचित्रकार आस्ट्रिड किर्शहेरने या पोरांचे जे फोटो काढले, त्यात जॉर्जच्या हातात हीच गिटार आहे. १९६१मध्ये त्याने ग्रेच कंपनीची गिटार घेतली आणि फ्युचरामा मागे पडली. लेड झेपेलिन बँडच्या जिमी पेजच्या उमेदवारीच्या दिवसांतही त्याच्या गळ्यात हीच होती.

रविवार

आज बाबांना फोन केला. सांगलीला आमच्याकडे त्यांची येझदी मोटरसायकल अजून आहे. गिटारीचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, ज्या गावात ती बनायची ना, ब्लात्ना, ते दक्षिण बोहेमियात आहे. स्ट्राकोनित्सेच्या जवळ."

"स्ट्राकोनित्से? चेझेटच्या मोटरसायकली तिथल्याच की गं!" बाबांचा आवाज एकदम चढला. "अगं, ते चेक लोक लोखंडातले दर्दी. आमची येझदी म्हैसूरला बनली, पण घराणं जावाचंच. टाकीवरचं नाव तेवढं बदललं."

फोन ठेवल्यावर त्यांचं ते शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, कारण माझं म्हणणं नेमकं तेच आहे. गिटारीच्या माथ्यावरचं नाव बदललं. फरक एवढाच की येझदीचं घराणं बाबांसारख्यांना तोंडपाठ आहे आणि फ्युचरामाचं कुणालाच नाही. ब्लात्नाला द्रेवोकोव्ह नावाची सहकारी संस्था होती, फर्निचर करणारी. त्या संस्थेच्या रेझोनेट विभागात योसेफ रूझिच्का यांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यात ही गिटार घडवली. तिचं जन्मनाव रेझोनेट ग्रात्सिओसो. खुर्च्या-कपाटं करणाऱ्या कारागिरांच्या गावात, खाजगी धंदा बंद झालेल्या देशात, जिची अस्सल प्रत हाताळायला मिळणं दुरापास्त अशा वाद्याच्या तोडीचं वाद्य उभं करायचं. मला हे काम फार मोठं वाटतं. ज्या लिव्हरपूलच्या पोरांनी पुढे जग हलवलं, त्यातल्या एकाच्या बोटांना घट्टे पडले ते ब्लात्नाच्या लाकडावर. इंग्रजी पुस्तकांत मात्र सेल्मरचं नाव ठळक, हेसीचं दुकान ठळक, आणि कारागीर 'एक चेक कारखाना' एवढ्यावर आटपलेले.

मंगळवार

नावाचा पुढचा प्रवास. बंदी उठल्यावर खऱ्या अमेरिकन गिटारी येऊ लागल्या आणि चेक मालाची गरज सरली. नाव मात्र सेल्मरच्या हातात होतं. त्यांनी तेच फ्युचरामा नाव स्वीडनच्या हागस्ट्रॉमकडून आणलेल्या गिटारींवर चढवलं. त्यामुळे आज विक्रीला येणाऱ्या फ्युचरामांमध्ये दोन वेगळ्या देशांच्या, एकमेकींशी काही नातं नसलेल्या गिटारी सरमिसळ झालेल्या दिसतात. साठच्या दशकातच हे नाव बाजारातून गेलं. तिकडे चेकोस्लोव्हाकियात मात्र कसब थांबलं नव्हतं. ग्रात्सिओसोची पुढची पिढी योलाना नावाने निघाली आणि पूर्व युरोपातल्या कितीतरी वादकांनी पहिले सूर तिच्यावरच धरले.

हॅरिसनच्या गिटारीचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवते. १९६४मध्ये त्याने ती एका संगीत मासिकाला वाचकस्पर्धेचं बक्षीस म्हणून दिली. जिंकणाऱ्याने गिटारीऐवजी रोख पैसे घेतले, आणि गिटार संपादकाकडेच राहिली. नोव्हेंबर २०२४मध्ये नॅशव्हिलला तिचा लिलाव झाला तेव्हा ती १२ लाख ७० हजार डॉलरना गेली, म्हणजे आपले दहा कोटींच्या वर. या आकड्याने मी हरखले नाही असं नाही. पण रूझिच्कांचं नाव त्या दिवशीच्या किती बातम्यांत आलं ते शोधताना जीव तुटला.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर 'फ्युचरामा, लंडन' असं लिहिलं होतं. ते आता 'रेझोनेट ग्रात्सिओसो, ब्लात्ना. रचना : योसेफ रूझिच्का' असं केलंय, खाली बारीक अक्षरात 'ब्रिटनमध्ये फ्युचरामा नावाने विक्री'. शनिवारी आजोबांकडे जाताना हाच मजकूर एका चिठ्ठीवर नेणार आहे. त्या गिटारीच्या पेटीत ती चिठ्ठी ठेवायची त्यांनी परवानगी दिलीय.