मॉन्टेरेचा गारठा आणि हातमोज्यांची खटपट

तारकर्लीला डायव्हिंग शिकलेल्या माणसाला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचा समुद्र फोटोत ओळखीचाच वाटतो. निळं पाणी, लख्ख ऊन, कडेला रेती. पाय बुडवला की मग कळतं. इथलं पाणी साधारण १० ते १३ अंशांच्या आसपास घुटमळतं, म्हणजे मालवणच्या पाण्याच्या निम्मंही नाही. त्यात वसंत ऋतू सगळ्यात वाईट. वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतात आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. शहाणी माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. आम्ही मे महिन्यात गेलो, कारण रजा तेव्हाच मंजूर झाली.

सोबत जोशीकाका होते. राहायला सॅन होजेला, साठी उलटलेली, आणि या पाण्यात वर्षानुवर्षं उतरणारे. त्यांनी आधीच बजावलं होतं, "अगं, सूट भाड्याने घेतलास तरी चालेल. हातमोजे मात्र स्वतःचे घे, आणि हात घालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस."

सूटचं गणित तसं सोपं आहे. निओप्रीन म्हणजे बारीक वायूच्या बुडबुड्यांनी भरलेलं रबर. ऊब टिकते ती त्या बुडबुड्यांमुळे. अंग कोरडं राहायलाच हवं असं नाही, हे बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं. पुढे जॅक ओनील यांनी याच उपसागराच्या वरच्या टोकाला, सांताक्रूझला, वेटसूटचा मोठा धंदा उभा केला. पण १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात आणि सूट पातळ पडतो. म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच ऊब कमी. म्हणून इथे ७ मिमीच्या खाली कुणी बोलत नाही, आणि बरेच जण धडावर दुहेरी थर चढवतात. एवढं रबर तरंगतंही जोरात, त्यामुळे माझ्या कमरेला तारकर्लीच्या मानाने कितीतरी जास्त शिसं.

भाड्याच्या सूटवर ७ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. खांद्याजवळ आणि गुडघ्याशी चिमटीत धरून बघा. खूप वापरलेलं निओप्रीन दबून कधीच पातळ झालेलं असतं. मग घालून पाठीची खळगी आणि काखा तपासा. तिथे पोकळी राहिली की पाणी साचतं, आणि प्रत्येक हालचालीसरशी ते बाहेर जाऊन नवं गार पाणी आत येतं. गळा मात्र आवळणारा नको, मानेतल्या धमन्यांवर दाब आला तर चक्कर येऊ शकते.

दुकानात खरा वेळ गेला तो हातमोज्यांत. ३ मिमीचे छान वाटले, अगदी चेन ओढता येत होती, पण काकांनी नुसती मान हलवली. ७ मिमीचे तीन बोटांचे घातले तर ऊब भरपूर, पण इन्फ्लेटरचं, म्हणजे जॅकेटात हवा भरायचं, बटण कुठलं आणि हवा सोडायचं कुठलं, हे बोटांना उमगेना. शेवटी ५ मिमीवर आलो. त्यातही मापं दोन. मोठ्या मापात बोटांच्या टोकाशी पोकळी राहत होती, तिथे पाणी खेळणार. लहान मापात मूठ वळताना रबराशी कुस्ती. असा हात लवकर दमतो, आणि रक्त अडलं की बोटं उलट लवकर गारठतात. काउंटरवरच वजनपट्ट्याचं बक्कल डोळे मिटून लावून-काढून पाहिलं. बोटं आधीच किंचित वाकवून शिवलेली एक जोडी त्यात पास झाली. शिवण चिकटवलेली होती आणि सुई आरपार गेलेली नव्हती. किंमत ऐकून मी मनात रुपये करायला घेतले आणि सोडून दिले.

सॅन कार्लोस बीचच्या पार्किंगमध्ये सकाळी सगळे टाक्या आणि थर्मास काढून बसलेले. थर्मासमधलं कोमट पाणी चहासाठी नव्हतं, ते हातमोज्यांत ओतायचं. धक्क्याच्या दगडांवर सी लायनचा अखंड कल्ला. हातमोजे सगळ्यात शेवटी, मनगटाची पट्टी सूटच्या बाहीखाली सरकवायची. हे एकट्याने जमत नाही, काकांनी माझं केलं, मी त्यांचं.

केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, कडेने रेतीवरून जाताना पहिला गारठा कपाळाला लागतो, तो ओसरतो. मेट्रिडियमच्या मैदानापर्यंत, साधारण १५ मीटरवर, मी मजेत होते. पांढरी, फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी समुद्रफुलं, काही तर माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत उंच. काका मधूनमधून हात वर करून अंगठा करंगळीला टेकवून दाखवायचे, मीही टेकवायची. टाकीत हवा बऱ्यापैकी शिल्लक असताना माझा अंगठा अनामिकेपाशीच अडला. खूण केली, काका लगेच वळले.

वर आल्यावर ड्रायसूटचा विषय निघालाच. अंग कोरडं राहतं, हे खरं. पण त्याची बाही मनगटाशी संपते. कोरडे हातमोजे वेगळे घ्यावे लागतात, आणि त्यांच्या आतही लोकरीचे मोजे लागतातच. काकांकडे तो सगळा जामानिमा घरी आहे. "मग आज वेटसूट का घातलात?" तर म्हणाले, "मनगटाची सील फाटलीय गं, दुरुस्तीला टाकलाय."